नेहमीपेक्षा अधिक

वकीलबाई तिकडून फोनवर म्हणाल्या, काका,
माया आहे एवढं सिद्ध करून भागत नाही.
माया सगळ्याच बापांना असते, ती त्यांनी धरलेलीच आहे.
नेहमीच्या मायेपेक्षा अधिक काही असेल
तर त्याचे कागद पाठवा.

बत्तीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तपासनीस होतो.
पासपोर्टची पानं या बोटांखालून गेली,
कोरी, अजून कुणाचीच नसलेली.
शाई फुटलेली, आकडा सरकलेला, सिंहाचं तोंड अर्धंच उमटलेलं,
असलं पान दिसलं की कडेला लाल पेन्सिलीची खूण.
कारण लिहायचं नसे.
आत जाताना झडती, बाहेर येताना झडती,
डब्यातली पोळीसुद्धा उलटून बघत.
घरी आलो की संज्योत विचारायची,
बाबा, आज किती माणसं परदेशी पाठवली?
तीन हजार, मी म्हणायचो,
आणि पायातले मोजे काढायचो.

मला मात्र कारण लिहून आलंय. सात पानं.
मुद्दा एकोणीस: अर्जदाराचे हात थरथरतात, हे मान्य.
मुद्दा वीस: नाशिक शहरात पगारी मदतनीस मिळतात.
मुद्दा तेवीस: अर्जदार आपलं कौटुंबिक जीवन
व्हिडिओ कॉलवर चालू ठेवू शकतो.

चालू आहेच की.
रोज रात्री साडेनऊला फोन तांब्याला टेकवून ठेवतो.
हातात धरला तर तिला मी दिसत नाही,
पंखा दिसतो, छत दिसतं, परत पंखा.
परवा भाताचा घास तोंडापर्यंत पोचलाच नाही.
बाबा, थांबा, सावकाश, म्हणत
तिचा हात तिकडून पुढे आला,
इतका जवळ की सगळा पडदा काळा झाला.
हे कागदावर कसं घ्यायचं?

विमल पगारे सकाळी येते, दाढी करून देते,
गालाला साबण राहिला तर पदराने पुसते.
तिच्या पगाराच्या पावत्या मीच प्रामाणिकपणे जोडल्या होत्या.
त्याच आता माझ्या विरोधात लावल्यात,
मदत मिळते याचा पुरावा म्हणून.
विमलला हे सांगितलेलं नाही.
सांगितलं तर ती येणं बंद करेल, माझ्या भल्यासाठी.

सीबीएसजवळ कोर्टाच्या भिंतीला लागून भालेराव टायपिस्ट बसतो.
शंभरचा स्टॅम्प बंद झालाय, म्हणाला, पाचशेचा आणा.
आणला. सवयीने उजेडाकडे धरला.
आमच्याच प्रेसचा. कडा स्वच्छ, छपाईत खोट नाही.
मराठीतच करा, मी म्हटलं, भाषांतर ते करून घेतील.
कलम आठ, कुटुंबाचा आदर, मानवी हक्क,
असं मी सांगत गेलो, तो बडवत गेला.
वाचून बघितलं तर हक्कच्या जागी हाक.
डोळ्याला खुपलंच. दुरुस्त करायला लावलं.
पुढे काय लिहू, काका?
लिही, की ती नववीत होती तेव्हा तिची आई गेली,
तिच्या वेण्या मीच घालायचो, रात्रपाळीहून आल्यावर,
डाव्या बाजूची नेहमी वाकडी व्हायची.
हे लागेल का, त्याने विचारलं.
माहीत नाही. असू दे.

नोटरीने पासपोर्ट उघडला, सही बघितली,
मग माझ्या पेनाखालची बघितली.
ती रेषेवरून उठून खालच्या ओळीत शिरलेली.
गायधनी साहेब, जुळत नाही हो. परत एकदा करा.
केली. परत केली. त्याने चहा मागवला.
चौथीही जुळली नाही.
नाहीच जुळणार, मी म्हटलं,
कोऱ्या जागेत या चारही ठेवा.